कोण कुणाच्या आधारानं

माझा दादा बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो दिवसभर कोड लिहीत बसत असेल, अशी आमच्या घरात सगळ्यांची समजूत. गेल्या नाताळात त्याला विचारलं तर म्हणाला, "अगं, लिहिणं कमीच. एक गोष्ट बदलली की दुसरं काय काय मोडेल, हे शोधण्यातच निम्मा दिवस जातो." त्याच्या कामात यासाठी एक शब्द सारखा येतो: डिपेन्डन्सी. एक घटक चालायला दुसरा लागत असेल, तर पहिला दुसऱ्यावर अवलंबून. कागदावर दोन चौकोन काढायचे आणि पहिल्याकडून दुसऱ्याकडे एक बाण. मोठ्या प्रणालीत असे चौकोन हजारांनी असतात आणि बाण त्याहून जास्त.

मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. याला दोन कारणं आहेत. या वर्षी मी अंकाचं काम ज्युनिअर्सच्या हाती देऊन बाहेर पडतेय. नेमकं काय द्यायचं याचा विचार करताना हाच प्रश्न पुढे आला: आपल्या अंकात कोण कुणावर अवलंबून आहे? दुसरं कारण माझ्या आत्याच्या एका लेखाचं आहे. ते पुढे सांगते.

दादानं मला एक लेख वाचायला दिला. डेव्हिड पारनास यांचा, डिसेंबर १९७२ मध्ये छापलेला, जेमतेम सहा पानांचा. प्रश्न असा की मोठ्या प्रोग्रामचे तुकडे पाडायचे तर कोणत्या निकषावर? उदाहरण म्हणून त्यांनी घेतलेलं काम पाहून मला हायसं वाटलं, कारण ते आपल्याच गल्लीतलं निघालं: शब्दसूची. काही ओळी घ्यायच्या. प्रत्येक ओळीतला पहिला शब्द उचलून शेवटी टाकायचा, आणि प्रत्येक शब्द एकेकदा पुढे येईपर्यंत हे करत राहायचं. मग तयार झालेल्या सगळ्या ओळी अक्षरांच्या क्रमानं लावायच्या. ‘पावसाळ्यातली बेळगावची सकाळ’ ही ओळ अशा सूचीत तीन ठिकाणी सापडेल: प मध्ये, ब मध्ये आणि स मध्ये. ओळीतला कुठलाही एक शब्द आठवत असला तरी ओळ हाती लागते.

साहित्याच्या माणसांना ही गरज जुनीच आहे. रॉबेर्तो बुसा नावाच्या इटालियन जेझुइट फादरांना संत थॉमस अक्वायनस यांच्या सगळ्या लेखनाची शब्दसूची करायची होती. त्यासाठी ते १९४९ मध्ये आयबीएमच्या प्रमुखांना जाऊन भेटले. छापून झाली तेव्हा ती सूची ५६ खंडांची होती. संगणक आणि साहित्य यांची सोयरीक एका धर्मगुरूनं जुळवली, हे मला आमच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

पारनास यांनी हे छोटं काम दोन तऱ्हांनी विभागून दाखवलं. पहिली तऱ्हा आपल्या कुणालाही सुचेल अशी. काम ज्या क्रमानं होतं त्या क्रमानं तुकडे: एक जण ओळी वाचून घेणार, दुसरा शब्द फिरवणार, तिसरा क्रम लावणार, चौथा छापणार, आणि वर एक मुकादम. दिसायला अगदी नीटनेटकं. पण या सगळ्यांना एक गोष्ट माहीत असावी लागते: ओळी संगणकाच्या स्मृतीत नेमक्या कशा मांडून ठेवल्यात. उद्या ती मांडणी बदलायची ठरली, तर बहुतेक प्रत्येक तुकडा उघडून दुरुस्त करावा लागेल. कामं वेगळी केली खरी, पण माहिती सगळ्यांची सामाईकच राहिली.

दुसऱ्या तऱ्हेत त्यांनी आधी विचारलं, यातल्या कोणत्या गोष्टी पुढे बदलण्याची शक्यता आहे? अशी प्रत्येक गोष्ट एकेका तुकड्याच्या पोटात दडवायची. ओळी कशा साठवल्यात हे फक्त साठवणाऱ्यालाच ठाऊक. बाकीच्यांनी त्याला एवढंच विचारायचं, "बाबा रे, तिसऱ्या ओळीतला दुसरा शब्द कोणता?" तो सांगेल. कुठून काढून सांगितला, ही त्याची खासगी बाब. अशा दडवलेल्या गोष्टीला पारनास ‘गुपित’ म्हणतात. चांगला घटक म्हणजे एक गुपित नीट सांभाळणारा घटक.

मी हे दोनदा वाचलं आणि मग मला आमच्या मिस्साचं पुस्तक आठवलं. मिस्सा कुठल्याही रविवारी जा, तिचा सांगाडा तोच. प्रारंभ, वाचनं, शुभवर्तमान, अर्पण, ख्रिस्तप्रसाद. रोज बदलतं ते त्या दिवसाचं वाचन. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं: एका वर्षी मुख्यतः मत्तय, पुढच्या वर्षी मार्क, त्याच्या पुढच्या वर्षी लूक. पण मिस्साचा क्रम छापलेल्या पुस्तकात ‘आज यशया’ असं कुठे लिहिलेलं नसतं. तिथे एवढंच असतं: ‘पहिले वाचन’. ती एक रिकामी जागा आहे. त्या जागेत काय बसवायचं ते वेगळं पुस्तक सांगतं. त्यामुळे वाचन बदललं म्हणून क्रमाचं पुस्तक कुणी नव्यानं छापत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागी लोकभाषा आल्या, आणि आज आमच्या शहरात एकाच रविवारी कोकणी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत मिस्सा होते. कोकणीत सवय असलेला माणूस मराठी मिस्साला बसला तरी कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे हे त्याला कळतं. टिकणारं एकीकडे, बदलणारं दुसरीकडे, आणि दोघांमध्ये नाव दिलेली एक रिकामी जागा. दादाच्या भाषेत त्या जागेला ‘इंटरफेस’ म्हणतात.

आता आत्याचा लेख. आत्या याच कॉलेजची. २००४च्या वार्षिकांकात तिनं कॅम्पातल्या जुन्या बेकऱ्यांवर लिहिलं होतं. आत्या आता नाही. ग्रंथालयातल्या त्या अंकाची नेमकी तीच पानं गेलेली. मंडळाच्या कपाटात मात्र छापखान्याकडून आलेली एक सीडी सापडली आणि तिच्यात लेखाची फाइल होती. उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांचा नुसता चिवडा.

जुन्या अंकांचं काम केलेल्या प्रत्येकानं हा चिवडा पाहिलेला आहे. कारण समजून घेण्यासारखं आहे. संगणक अक्षर साठवतो ते आकड्याच्या रूपात. आपल्याकडच्या जुन्या डीटीपी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे घेतले आणि त्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवली. कुठल्या आकड्यावर काना, कुठल्यावर अर्धा स, कुठल्यावर रफार, हे ज्यानं त्यानं आपापलं ठरवलं. म्हणजे फाइलमध्ये ‘क’ नव्हताच. ‘अमुक फॉन्टमध्ये क सारखा दिसणारा आकडा’ होता. फॉन्टचं गुपित प्रत्येक लेखाच्या प्रत्येक अक्षरात शिरलेलं होतं. फॉन्ट गेला की मजकूर गेला. पारनास यांच्या पहिल्या तऱ्हेचं याहून चांगलं मराठी उदाहरण मला सापडलेलं नाही.

युनिकोडनं केलं ते इतकंच की हे दोन प्रश्न वेगळे केले. ‘क’चा आकडा २३२५. तो सगळीकडे तोच. क गोल दिसावा की टोकदार, ठळक की बारीक, ते फॉन्टनं बघावं. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा देवनागरी तिच्यात होती, पण पानं लावायची सॉफ्टवेअरं युनिकोडमधली मराठी बरीच वर्षं नीट दाखवत नसत, म्हणून छापखाने जुन्याच फॉन्टांवर राहिले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना उद्याचा अंक काढायचा होता.

आत्याच्या फाइलमधलं एकही अक्षर हरवलं नव्हतं. त्यांचा अर्थ दुसऱ्याच ठिकाणी ठेवलेला होता, आणि ते ठिकाण बंद झालं होतं. छापखानाही आता नाही. आमच्या सरांनी चिन्हांच्या ठेवणीवरून फॉन्टचं घराणं ओळखलं, मग रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून फाइल काढली. बहुतेक मजकूर आला. रफार भलत्याच अक्षरावर बसले आणि काही जोडाक्षरांचे तुकडे पडले. मी एकेक वाक्य मोठ्यानं वाचायची आणि पप्पा ऐकायचे. एका ठिकाणी पहिलं अक्षर फुटलं होतं. मी अंदाजानं ‘सकाळचे गरम अंडे’ असं वाचलं. पप्पा हसले आणि मग गप्प झाले. म्हणाले, "अंडे नाही गं, उंडे. ती बेकरीतल्या उंड्यांबद्दल लिहितेय." प्रोग्रामला हे कळणं शक्यच नव्हतं. त्या एका शब्दाची किल्ली पप्पांच्या कानात होती.

तुकडे नीट पाडले तरी बाणांचा प्रश्न उरतो. बाण गोल फिरू लागले की सगळं अडतं. क ला ख लागतो, ख ला ग लागतो आणि ग ला पुन्हा क. मग यातलं काहीच एकट्यानं तयार करता येत नाही, एकट्यानं तपासता येत नाही, तिघांना कायम एकत्रच उचलावं लागतं. आमच्या अंकात हे दरवर्षी व्हायचं. चित्र काढणारी म्हणायची, संपादकीय दाखवा, मग मुखपृष्ठ करते. संपादकीय लिहिणारा म्हणायचा, मुखपृष्ठ दिसलं की सूर सापडेल. पंधरा दिवस दोघंही थांबलेले आणि दोघंही खरे. सॉफ्टवेअरवाले अशा वेळी तिसरा घटक काढतात, ज्याच्यावर दोघं टेकतील आणि जो स्वतः दोघांवरही टेकणार नाही. आम्ही या वर्षी सुरुवातीलाच अर्ध्या पानाची टीप लिहिली: अंकाचा विषय, तीन वाक्यं, दोन रंग. बाण दोन्हीकडून त्या टिपेकडे गेले. वर्तुळ सुटलं.

दादा यावर आणखी एक नियम सांगतो. बाण नेहमी कमी बदलणाऱ्या गोष्टीकडे जावेत. जे रोज बदलतं, त्याच्यावर दहा जणांना उभं केलं तर ते दहाही रोज हलतात.

पण कमी बदलणारी गोष्ट म्हणजे भक्कम गोष्ट, असंही नाही. २२ मार्च २०१६ला हे जगाला दिसलं. जावास्क्रिप्टवाले एनपीएम नावाच्या सामाईक कोठारातून तयार घटक उचलतात. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा ११ ओळींचा एक घटक होता. काम एवढंच: मजकुराच्या डावीकडे ठरलेल्या रुंदीपर्यंत रिकाम्या जागा किंवा शून्यं भरायची. त्याच्या लेखकाचा दुसऱ्याच एका घटकाच्या नावावरून एका कंपनीशी वाद झाला, कोठारानं ते नाव कंपनीला दिलं, आणि लेखकानं चिडून आपले सगळे घटक काढून घेतले. त्यासरशी हजारो प्रकल्प तयार होईनात. त्यातल्या बहुतेकांनी लेफ्ट-पॅडचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी एक मोठा घटक घेतला होता, त्यानं दुसरा, दुसऱ्यानं तिसरा, आणि तळाशी या ११ ओळी. सुमारे अडीच तासांनी कोठारानं तो घटक परत ठेवला.

दुसरी घटना मला जास्त लागली. एक्सझेड नावाचं फायली आवळून लहान करायचं एक साधन आहे. असंख्य लिनक्स यंत्रांवर ते असतं. त्याची देखभाल बरीच वर्षं फिनलंडमधला एक माणूस फुकट, फावल्या वेळात करत होता. तो थकला होता, आपल्या मानसिक आरोग्याबद्दल त्यानं उघडपणे लिहिलंही होतं. त्याच सुमाराला काही अनोळखी नावं त्याला टोचत होती की काम हळू चाललंय, दुसऱ्याला घ्या. एक मदतनीस आला. दोनेक वर्षं त्यानं नेमानं चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, किल्ल्या मिळवल्या. मग त्यानं त्यात एक चोरदरवाजा बसवला. नेम होता दूरच्या यंत्रात प्रवेश देणाऱ्या एसएसएच या प्रोग्रामवर. गंमत म्हणजे एसएसएचला मुळात एक्सझेड लागतच नाही. लिनक्सच्या काही वितरणांनी त्याला आणखी एका घटकाशी जोडलं होतं, आणि त्या घटकाला एक्सझेड लागत होतं. बाण असा वळसा घालून गेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तो मागे लागला, आणि २९ मार्च २०२४ला त्यानं हे जाहीर केलं. तोवर ती आवृत्ती फार पसरलेली नव्हती.

या गोष्टीतून ‘कुणावर अवलंबून राहू नका’ असा धडा काढणं सोपं आहे. मला तो पटत नाही. सगळं स्वतः लिहायचं म्हटलं तर दादाची कंपनी उद्या बंद पडेल, आणि आपला अंकही. मला दिसतं ते वेगळं. चित्रात आपण आपल्याकडून निघणारे बाण मोजतो: मला काय काय लागतं? दुसऱ्या टोकाला जाऊन कुणी मोजत नाही: या एका चौकोनावर किती जण उभे आहेत, आणि त्या चौकोनात माणसं किती? हजार बाण येणाऱ्या ठिकाणी एकच दमलेला माणूस बसलेला असेल, तर तो प्रणालीतला दोष आहे, त्या माणसाचा नव्हे. आणि त्याला मदत लागते ती आधीपासून, आपल्या ओळखीच्या हातांची. ती आपण दिली नाही की अनोळखी हात पुढे येतात.

म्हणून ज्युनिअर्सना मी सोपवतेय ते असं. सगळा मजकूर साध्या युनिकोड फायलींत ठेवलाय. रंग, फॉन्ट, पानांची मांडणी यांचा एक शब्दही त्यात नाही. तुम्ही मांडणी खुशाल बदला, कवितेला धक्का लागणार नाही. एका पानावर कोण कुणासाठी थांबतं याचं चित्र आहे, त्यात एकही वर्तुळ नाही. निदान मी निघाले त्या दिवशी तरी नव्हतं. अंकाचा ईमेल आणि साठवणीची जागा आता कुणा एका विद्यार्थ्याच्या खासगी खात्यावर नाही, मंडळाच्या नावावर आहे, आणि पासवर्ड दोघांकडे आहे: एक शेवटच्या वर्षाचा, एक पहिल्या.

एक बाण मात्र मला हलवता आलेला नाही. सगळे लेख शेवटी सरांकडे जातात. ऱ्हस्व-दीर्घ, कोकणीतून मराठीत घसरलेली वाक्यं, कन्नड वळणाची क्रियापदं, हे सगळं त्यांच्या एका नजरेखालून जातं. कुठलं घसरलेलं वाक्य दुरुस्त करायचं आणि कुठलं लिहिणाऱ्याच्या घरचं म्हणून तसंच ठेवायचं, हे त्यांना कळतं. याचा नियम लिहून काढायला मी बसले होते. चार ओळींच्या पुढे गेला नाही. सर पुढच्या वर्षी निवृत्त होतायत.

तेव्हा नियमाऐवजी एक खुर्ची ठेवलीय. मुद्रितं तपासायला सर बसतील तेव्हा पहिल्या वर्षाची दोन मुलं शेजारी बसतील, लाल पेन न घेता. नुसतं बघायला, आणि "सर, हे का ठेवलंत?" असं विचारायला. पहिल्या बैठकीत सरांनी ‘उंडे’ तसंच ठेवलं आणि खाली टीप द्यायला नकार दिला. म्हणाले, "ज्याला ठाऊक नाही, तो विचारेल कुणाला तरी."